ग्लॅडिएटरांची आयुधे आणि तांबटाची हातोडी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. बंब, घंगाळ, हंडे आणि कळशा घडविणाऱ्या ज्ञातीपुढे रोमच्या आखाड्यात झुंजणाऱ्या दासांच्या शस्त्रांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की, गेल्या वर्षी आपल्या काही कारागिरांकडे एका निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याकडून अशाच मालाची चौकशी आली. परदेशातील एका हौशी मंडळाला ग्लॅडिएटरांची शिरस्त्राणे, पोटरीवरील कवचे आणि तलवारी हव्या होत्या. नमुना म्हणून एक शिरस्त्राण पाठविण्यात आले आणि "हुबेहूब असेच करून द्या" असे कळविण्यात आले. तरुण मंडळींचा हात शिवशिवला, वडील मंडळींनी नाक मुरडले, आणि शेवटी हे काम घ्यावे की न घ्यावे याचा विचार संमेलनात व्हावा असे ठरले. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

प्रथम हे हौशी लोक कोण, ते सांगितले पाहिजे. युरोपात आणि अमेरिकेत प्राचीन काळच्या युद्धकला, वेष आणि रीतिरिवाज प्रत्यक्ष करून दाखविणारी मंडळे पुष्कळ आहेत. रोम शहरातच १९९४ साली स्थापन झालेला ग्रुप्पो स्तोरिको रोमानो हा संघ ग्लॅडिएटरांच्या झुंजीचे शिक्षण देतो. फ्रान्समधील नीम शहराचे प्राचीन रोमन प्रेक्षागृह अद्याप उभे आहे; तेथे असे खेळ भरतात आणि हजारो लोक ते पाहावयास जमतात. यातले सारेच निव्वळ तमासगीर नव्हेत. मार्कुस युंकेलमान या जर्मन इतिहासकाराने १९८५ साली रोमन सैनिकाचा संपूर्ण सरंजाम अंगावर चढवून काही सोबत्यांसह आल्प्स पर्वत पायी ओलांडला, आणि पुढे ग्लॅडिएटरांची आयुधे हुबेहूब करवून घेऊन त्यांनी प्रत्यक्ष झुंजून पाहिले. पोथीत जे उलगडत नाही ते पुष्कळदा वस्तू हातात घेतल्यावर उलगडते, हा त्यांचा मार्ग. कारागिराला हा मार्ग निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मूळ वस्तूंकडे वळू. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट होऊन पोंपेई नगर राखेखाली गाडले गेले. तेथे ग्लॅडिएटरांच्या राहण्याची एक मोठी चौसोपी इमारत होती. १७६६ आणि १७६७ या वर्षी तिचे उत्खनन झाले तेव्हा शिरस्त्राणे, पोटरीवरील कवचे आणि खांद्यावरील ढाली असा मोठा संच हाती लागला. त्यातील बहुतेक वस्तू आज नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहेत. ग्लॅडिएटरांच्या साहित्याविषयी जगाला जे काही ठाम माहीत आहे, त्यातील फार मोठा भाग या एका इमारतीतून आलेला आहे. बाकीचे ज्ञान दगडी शिल्पे, जमिनीवरील चित्रफरश्या, मातीचे दिवे आणि थडग्यांवरील कोरीव आकृती यांच्या आधारे जुळवावे लागते.

या संचातील शिरस्त्राणे तांब्याच्या मिश्रधातूची आहेत. साध्या रोमन पायदळ सैनिकाच्या शिरस्त्राणाचा पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा असे; ग्लॅडिएटराच्या शिरस्त्राणाचा पत्रा सुमारे दीड मिलिमीटर भरतो. आपल्या भाषेत सांगायचे तर सैनिकाचा एकोणीस गेज आणि ग्लॅडिएटराचा सोळा-सतरा गेज. वजने सव्वातीन किलोंपासून पावणेसात किलोंपर्यंत आढळली असून बहुतेक चार किलोंच्या आसपास आहेत. सैनिकाचे त्याच्या निम्मे. कारण उघड आहे. सैनिकाला दिवसभर कूच करावयाची असते, तर ग्लॅडिएटराला घटकाभर झुंजावयाचे असते. शिवाय त्याचा चेहराही संपूर्ण झाकलेला असतो.

या शिरस्त्राणांपैकी कित्येकांवर अत्यंत सुंदर उठावाचे काम आहे. एकावर तर ट्रॉय नगराच्या विनाशाची अखंड चित्रमालिका उठविलेली आहे. इतक्या नाजूक कामाच्या आणि तलवारीच्या घावांच्या खुणा फारशा नसलेल्या या वस्तू केवळ मिरवणुकीच्या असाव्यात, असे काही विद्वानांचे मत होते. युंकेलमान यांनी ते मान्य केले नाही, आणि आमचेही मत त्यांच्याच बाजूला पडते. मिरवणुकीच्या वस्तूला दीड मिलिमीटर पत्रा कोण घालील? पत्रा जितका जाड तितका उठाव काढणे कठीण, हे ठशाचे काम केलेला कोणताही कारागीर सांगेल. ज्याने इतके कष्ट घेऊन जाड पत्र्यावर चित्रे उठविली, त्याला ती वस्तू मार सोसण्यासाठीच हवी होती. वाचलेली विद्या येथे थोडी अडखळते आणि हातातली विद्या पुढे जाते.

व्यापाऱ्याने पाठविलेल्या नमुन्याचा आता विचार करू. त्याचा पत्रा मापून पाहता एक मिलिमीटरही भरला नाही. दीड मिलिमीटर जाडीच्या एका चौरस फूट कांस्यपत्र्याचे वजन सुमारे सव्वा किलो होते. चार किलोंच्या शिरस्त्राणाला तीन-सव्वातीन चौरस फूट पत्रा लागतो. तोच आकार पाऊण मिलिमीटर पत्र्यात केला तर वस्तू दोन किलोंची होते. डोक्यावर घेणाऱ्याला ती हलकी व सोयीची वाटते. मात्र लोखंडी बोथट तलवारीचा एक सणसणीत फटका बसला की तिला पोचा पडतो आणि तो पोचा आतल्या कवटीवर टेकतो. नमुन्याची टाळू दोन अर्धुकांची करून मधोमध विजेच्या झाळकामाने जोडलेली होती आणि जोड घासून गुळगुळीत केलेला होता. मूळ शिरस्त्राणांच्या टाळूला असा जोड नाही. ती एकाच पत्र्याला ठोकून उंच चढविलेली आहे, जसे आपण तपेले चढवितो. रुंद काठ, तुरा आणि जाळीदार मुखपट हे भाग निराळे करून रिबिटांनी बसवीत. मुखपटाची जाळी नमुन्यात पातळ पट्टीवर भोके पाडून केली होती. ती हाताने वाकते. जाळीच्या मागे एका जिवंत माणसाचे डोळे असणार आहेत, एवढे लक्षात ठेवले तर तेथे काय करावे हे कोणाला विचारावे लागत नाही.

सर्वांत मौजेची गोष्ट त्याच्या आकाराची होती. तो आकार पोंपेईचा नव्हता, नेपल्सचाही नव्हता. तो चित्रपटातला होता. झां लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराने १८७२ साली आखाड्यातील विजयी ग्लॅडिएटराचे एक प्रसिद्ध चित्र काढले. जेरोमने पोंपेईच्या वस्तू नीट अभ्यासल्या होत्या, परंतु चित्रकाराच्या हक्काने एका जातीच्या योद्ध्याचे साहित्य दुसऱ्याच्या अंगावर चढविण्यास त्याने मागेपुढे पाहिले नाही. त्याच चित्रावरून स्फूर्ती घेऊन २००० साली 'ग्लॅडिएटर' हा चित्रपट निघाला आणि त्याच्या वेषकारांनी कल्पनेची आणखी भर घातली. चित्रपट पाहून उत्तर भारतातील कारखान्यांनी माल केला. तो माल पाहून दुसऱ्याने केला. आणि तिसऱ्याने केलेली प्रत "अस्सल रोमन" म्हणून आपल्या भट्टीपाशी येऊन पोहोचली. देहरादून, मेरठ आणि मुरादाबाद या भागांतून असा पितळी व लोखंडी माल जगभर जातो. त्या कारागिरांना आम्ही दोष देत नाही. ज्याला जसा नमुना मिळाला तसा त्याने केला, आणि दिवाणखान्यात खुंटीवर टांगण्यासाठी तो पुरेसाही आहे. डोक्यावर घालून झुंजण्यासाठी मागितलेला माल वेगळा, एवढेच आमचे म्हणणे.

धातूविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी असावी, कारण येथे शब्दच फसवितो. पुस्तकात ब्रॉन्झ असे वाचून आपला कारागीर कांसे घेऊन बसेल. आपल्या वाट्यांचे कांसे म्हणजे शंभरात सुमारे बावीस भाग कथील. त्याचा नाद सुंदर, पण थंड असता ठोकले की ते तडकते आणि फरशीवर पडले की फुटते. असे शिरस्त्राण करणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर वाटी ठेवणे. ठोकून चढविण्याच्या रोमन पत्र्यात कथिलाचे प्रमाण याच्या निम्म्याहूनही फारसे जास्त नसे. रोमन लोक पितळही वापरीत; परंतु ते तांबे आणि जस्ताची माती एकत्र भाजून करीत असल्यामुळे त्यात जस्ताचे प्रमाण शंभरात अठ्ठावीसच्या पलीकडे जात नसे, आणि सहसा वीसच्या आसपास राही. आजच्या बाजारी पितळी पत्र्यात ते तीस ते सदतीसपर्यंत असते, म्हणून त्याचा रंग लिंबासारखा पिवळा दिसतो. रोमन पितळेची झाक सोन्याकडे झुकते. अस्सलपणा हवा असेल तर पत्रा मागविताना हे प्रमाण लिहून मागितले पाहिजे.

घडविण्याची रीत मात्र आपल्याला नवी नाही. ठोकत गेले की पत्रा कडक होतो, मग लाल करून विझवावा की मऊ होतो, आणि पुन्हा ठोकावा. लोखंडाला पाण्यात विझविले तर ते कडक होते आणि तांब्याच्या वर्गातील धातू मऊ राहतात, हा भेद परदेशी हौशी लोकांच्या पुष्कळांच्या ध्यानात नसतो. शेवटचे मठारकाम झाल्यावर वस्तू पुन्हा तापवू नये, म्हणजे ठोक्यांनी आलेला कडकपणा तिच्यात टिकतो. लोक मठाराला नक्षी समजतात. बंबाच्या पोटाला बळ त्यानेच येते, हे आपल्या घरातली मुलेसुद्धा जाणतात. रोमन वस्तूंचा पृष्ठभाग मात्र घासून सपाट व चकचकीत केलेला असे. तेव्हा मठार आतून ठेवावा आणि बाहेरून तो उजळून काढावा. आपल्या मठाराच्या चमचमीचा मोह येथे आवरावा लागेल, आणि तो आवरणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो.

आणि कल्हई! १९६५ साली इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉकडन या गावी ग्लॅडिएटराचे एक शिरस्त्राण सापडले. ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ब्रिटनमध्ये सापडलेले ग्लॅडिएटराचे हे एकमेव शिरस्त्राण. त्याच्या पृष्ठभागावर कथिलाचा लेप दिलेला होता, म्हणजे ते रुप्यासारखे चमकत असे. आपल्या माताभगिनी दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून भांड्याच्या आतून जे करवून घेत, ते रोमन कारागिराने शिरस्त्राणाच्या बाहेरून केले. प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो की, तांब्याच्या वस्तूंना कथील चढवून त्या रुप्यासारख्या करण्याची युक्ती गॉल देशातील लोकांनी काढली. हाच प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्या स्फोटात मरण पावला. नवसागर, कापूस आणि कथील यांच्या साहाय्याने असा लेप एकसारखा चढविणारे हात आता आपल्यातही थोडेच उरले आहेत. हॉकडनच्या धर्तीचे शिरस्त्राण कोणी मागितले तर विजेच्या मुलाम्यापेक्षा त्या हातांना प्रथम विचारावे.

प्लिनीचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. कांपानिया प्रांतातील तांब्या-कांशाची भांडी उत्तम, असे तो लिहितो. आणि त्याच्या दोनशे वर्षे आधी होऊन गेलेला काटो शेतकऱ्याला सल्ला देतो की, तांब्याच्या बादल्या आणि घागरी घ्यायच्या तर कापुआ अगर नोला येथे घ्याव्यात. त्याच कापुआ शहरात ग्लॅडिएटरांची प्रसिद्ध शाळा होती, आणि तिच्यातूनच इसवी सनापूर्वी ७३ साली स्पार्टाकुस निसटला. भांडी घडविणाऱ्यांचे गाव आणि झुंजणाऱ्यांचे गाव एकच. फार प्राचीन काळी नूमा राजाने रोममधील धंदेवाईकांचे संघ बांधून दिले, त्यात तांब्याचे काम करणाऱ्यांचाही संघ होता, अशी कथा प्लूटार्क सांगतो. ज्ञातिसंस्था ही केवळ आपल्याच देशाची हौस नव्हे! इकडे आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आणि रोमन घडणीची कांस्यपात्रे सापडली. त्या हातांचे काम आपल्या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी येऊन गेले होते.

आता तलवारींकडे येतो, आणि येथे आमचा सूर थोडा कडक होईल. मूळ शस्त्रे फारच थोडी शिल्लक आहेत. ग्लॅडिएटर दास होते. झुंजीच्या वेळेखेरीज त्यांच्या हाती धारेचे हत्यार राहू देत नसत. प्लूटार्क लिहितो की, स्पार्टाकुसच्या कटात दोनशे जण होते. कट फुटला तेव्हा अठ्ठ्याहत्तर जण स्वयंपाकघरातील सुऱ्या आणि मांस भाजण्याच्या सळया घेऊन बाहेर पडले. पुढे वाटेत त्यांना दुसऱ्या शहरी ग्लॅडिएटरांची शस्त्रे घेऊन चाललेल्या गाड्या भेटल्या, त्या त्यांनी लुटल्या. आणि नंतर सैनिकांची शस्त्रे मिळताच ग्लॅडिएटरांची शस्त्रे त्यांनी आनंदाने फेकून दिली, कारण ती त्यांना अप्रतिष्ठेची वाटत. ज्या वस्तू आज लोक हौसेने मागवितात त्यांच्याविषयी त्या वापरणाऱ्यांचे मत हे होते. ऑर्डर घेणाऱ्याने हे विसरू नये.

धारेचा प्रश्न रोमन लोकांपुढेही होताच. टिबेरिउस बादशहाचा पुत्र द्रुसुस याला रक्ताची इतकी आवड होती की अतितीक्ष्ण तलवारींना लोक त्याच्या नावाने द्रुसुसी तलवारी म्हणू लागले. उलट १६१ ते १८० या काळात राज्य केलेल्या मार्कुस ऑरेलिउस बादशहाने आपल्यापुढे झुंजणाऱ्यांना बोथट हत्यारेच दिली, असे कास्सिउस दिओ हा इतिहासकार नमूद करतो. म्हणजे बोथट तलवार ही आजच्या भित्र्या हौशी माणसांची तडजोड नव्हे. तिलाही अस्सल रोमन आधार आहे, आणि तो एका तत्त्वज्ञ बादशहाचा आहे. सरावासाठी लाकडी तलवारी असत. जर्मनीतील ओबराडेन येथील रोमन छावणीत तशी एक सापडली आहे. ग्लॅडिएटराला सेवेतून मुक्त करताना लाकडी तलवारच मानचिन्ह म्हणून देत, तिला रूदिस म्हणत.

पोंपेई धर्तीच्या तलवारीचे पाते सुमारे पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटर, दोन्ही कडा समांतर आणि टोक आखूड त्रिकोणी. झुंजीच्या सरावाला लागणारे पाते आजकाल कमानपाट्याच्या पोलादाचे करतात, कारण ते लवते आणि तुटून उडत नाही. कडा निदान दीड-दोन मिलिमीटर जाड व गोल आणि टोकही बोटाच्या अग्रासारखे गोल असावे. थ्रॅक्स नावाच्या योद्ध्याचे वाकडे हत्यार, ज्याला सीका म्हणत, ते बाजारात विळ्यासारखे करून विकतात. शिल्पांत मात्र ते मध्येच कोनात वाकलेले दिसते, ढालीच्या मागे टोक पोहोचविण्यासाठी. रेतिआरिउस हा जाळे आणि त्रिशूळ घेऊन झुंजे. तुर्कस्तानातील एफेसुस येथे १९९३ साली ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली, आणि तेथील कवट्यांच्या परीक्षणाचे निष्कर्ष ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केले. त्रिशूळाच्या फाळांनी पडलेली छिद्रे त्यांत दिसतात. त्रिशूळाच्या टोकांना गोळे बसविल्यावाचून तो कोणाच्या हाती देऊ नये, हे आम्ही त्या कवट्यांकडे पाहूनच सांगतो.

आपल्या देशातील कायदाही ध्यानात असावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवारी, खंजीर व भाले आणि नऊ इंचांहून लांब अगर दोन इंचांहून रुंद पात्याची तशी हत्यारे यांचा उल्लेख आहे. तेव्हा पाती करण्यापूर्वी जिल्हा अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करणे अगत्याचे. आमच्या मते पाती आपण घेऊच नयेत. ते लोहाराचे काम आहे, त्याने करावे. आपले काम शिरस्त्राण, पोटरीचे कवच आणि खांद्याची ढाल. रेतिआरिउसच्या डाव्या खांद्यावरील ढालीला गालेरुस म्हणत. पोंपेईला सापडलेल्या अशा एका ढालीवर खेकडा, नांगर आणि त्रिशूळ उठविलेले आहेत, कारण हा योद्धा कोळ्याच्या सोंगात झुंजे. असले काम मिळाले तर ठशाच्या कारागिरांना महिनाभर अन्न गोड लागेल.

वडील मंडळींचा आक्षेप मात्र निराळाच आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, ज्या खेळात दासांना लोकांच्या करमणुकीसाठी मारले, त्याचे साहित्य घडविणे हे पाप नसले तरी भूषण खचित नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. इसवी सनापूर्वी २६४ साली एका श्रीमंताच्या उत्तरक्रियेनिमित्त रोममध्ये तीन जोड्या झुंजविल्या गेल्या, तेव्हापासून सहा शतकांहून अधिक काळ हा प्रकार चालला. परंतु आमचा विचार असा आहे. ते शिरस्त्राण ज्याच्या डोक्यावर होते त्याच्या बाजूने पाहिले तर ते क्रौर्याचे हत्यार नव्हते; त्या आखाड्यात त्याच्या बाजूने उभी असलेली तीच एक वस्तू होती. कोण्या कापुआच्या तांबटाने पत्रा जाड ठेवला म्हणून कोणी एक दास संध्याकाळी जिवंत परतला असेल. आपल्या ज्ञातीचा मूळ पुरुष जो त्वष्टा, त्याने इंद्राला वज्र घडवून दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. मग रक्षणाची वस्तू घडविताना संकोच कसला? तरीही ज्यांच्या मनाला हे पटत नाही त्यांच्यावर कोणतीही सक्ती नसावी, आणि त्यांनी काम नाकारले म्हणून त्यांना मागासलेले म्हणण्याचा उद्धटपणा तरुणांनी करू नये.

काम घ्यावयाचे तर कोणत्या अटींवर, हे आता थोडक्यात सांगतो. व्यापाऱ्याच्या नमुन्यावरून काम करू नये. नेपल्स अगर लंडनच्या संग्रहालयातील एक निश्चित वस्तू ठरवावी आणि तिची छायाचित्रे व मापे गिऱ्हाइकाकडूनच लेखी मागवावीत. ज्या जातीच्या योद्ध्याचे शिरस्त्राण असेल त्याचे नाव पावतीवर असावे. सेकुतोरचे शिरस्त्राण गुळगुळीत व डोळ्यांपुरती दोन लहान गोल भोके असलेले असते, कारण त्याचा प्रतिस्पर्धी जाळे टाकतो आणि जाळे अडकेल असे काहीच वर ठेवून चालत नाही. त्यावर शोभेसाठी रुंद काठ बसवा असे कोणी सांगितले तर ऐकू नये. आतून गोधडीसारखी जाड टोपी शिवून द्यावी. आणि प्रत्येक वस्तूच्या आत, सहज पुसता येणार नाही असा, कारागिराचा ठसा व साल उमटवावे. जुन्यासारखा हिरवा रंग चढवून नवी वस्तू पुराणवस्तू म्हणून विकणारे लोक जगात आहेत, आणि ज्या दिवशी आपल्या हातची वस्तू त्यांच्या दुकानात सापडेल त्या दिवशी तो ठसाच आपली साक्ष देईल.

पैशाचा हिशेब उघड आहे. व्यापाऱ्याने सांगितलेल्या दरात दीड मिलिमीटर पत्राही येत नाही, मजुरी तर दूरच. एक टाळू जोडाशिवाय चढविण्यास कसलेल्या हाताला किती दिवस लागतील याचा अंदाज आपल्या ज्येष्ठ कारागिरांनी द्यावा आणि दर त्यावरून ठरावा. त्या दरात तो व्यापारी परत गेला तर जाऊ द्यावे. ज्यांना डोके वाचवायचे आहे अशी मंडळे थेट पत्र लिहू शकतात.

सभागृहाबाहेरच्या मेजावर पत्र्याचे दोन तुकडे मांडले आहेत, एक पाऊण मिलिमीटरचा आणि एक दीडचा, दोन्ही एक चौरस फुटाचे. शेजारी लाकडी मोगरी ठेवली आहे. फराळाला जाताना प्रत्येकाने दोन्हींवर एकेक ठोका मारून पाहावा आणि कार्यकारी मंडळाच्या वहीत आपले मत नोंदवावे. पुढील सभेत त्या वहीवरूनच निर्णय व्हावयाचा आहे.